दुमिंग गिटार सुधारतो

एका गावात एक भोळा दुमिंग राहत होता. गाव वसईच्या पट्टीतलं. केळीच्या बागा, विहिरी, एक चर्च आणि शहाणी माणसं. शहाणी माणसं इतकी होती, की एखादा भोळा असणं गावाच्या सोयीचंच होतं.

दुमिंग काही लहान नव्हता. मिशा होत्या, खांदे रुंद होते, जेवण दोन माणसांचं होतं. त्याचं भोळेपण अगदी साधं होतं. सांगितलेलं तो करायचा. जेवढं सांगितलं तेवढंच, आणि जसं सांगितलं तसंच. गावातल्या शहाण्यांना याचा फार त्रास व्हायचा. कारण आपण नेमकं काय बोललो, हे त्यांना दुमिंगने करून दाखवल्यावरच कळायचं.

घरात आई नातालबाय आणि बहीण रेजी. खुंटीवर बापाची गिटार. बाप, पेद्रू, दोन वर्षांपूर्वी गेला होता. गिटार लाल रंगाची, विजेवर वाजणारी, पण आतून अर्धी पोकळ. पोटावर दोन बाजूंना वळणदार दोन भोकं. पेद्रूचा कोपर जिथे टेकायचा, तिथला रंग उडून लाकूड दिसायला लागलं होतं. वस्तू स्वस्तातली. आवाज जरा वाढवला की ती मधूनच शिट्टी मारायची. पेद्रू तिच्यावर तळवा ठेवून म्हणायचा, "गप गं." की ती गप्प व्हायची.

हाच पेद्रू रेजीला सांगायचा, "तू नवरी होऊन मांडवात पाऊल टाकशील ना, तेव्हा मी हीच वाजवणार."

रेजीचं लग्न ठरलं. पेद्रू नव्हता. गिटार होती.

म्हणून नातालबाय सांतान मास्तरांकडे गेली. मास्तरांचा बँड होता. नाव 'रॉयल फाइव्ह'. माणसं चार. पाचवा पेद्रू होता. तो गेल्यावर नाव बदलायला हवं होतं, पण मग मोठ्या ढोलावरची अक्षरं पुन्हा रंगवावी लागली असती.

"मास्तर," नातालबाय म्हणाली, "रेजी मांडवात येईल तेव्हा ह्यांची गिटार वाजली पाहिजे. वाजवा तुम्ही. पण तीच वाजवा."

मास्तरांनी नासकं दूध प्यायल्यासारखं तोंड केलं.

"नातालबाय, पेद्रू माझा दोस्त. त्याच्याबद्दल शब्द नाही. पण त्याची गिटार? स्वस्तातला माल तो. मध्येच कोल्ह्यासारखी केकाटते. चार लोकांत ती गळ्यात घालून मी उभा कसा राहू?"

"मग काय करायचं?"

"सुधारावी लागेल. आतून-बाहेरून."

"सुधारा ना मग."

"मी?" मास्तर हसले. मास्तर स्वस्त वाद्याला हात लावत नसत. त्यांची स्वतःची गिटार त्याच घाटाची होती, पण भारीतली. मेहुण्याने बहारीनहून आणलेली. काळ्या पेटीत, निळ्या मखमलीवर झोपलेली असायची. घरी पाहुणे आले की मास्तर पेटी उघडायचे, पाहुणे 'वा!' म्हणायचे, मास्तर पेटी बंद करायचे. ती वाजताना गावात कोणी ऐकली नव्हती. कार्यक्रमात मास्तर बँडची जुनी गिटारच वाजवायचे.

"दुमिंगला माझ्याकडे पाठवा," मास्तर म्हणाले. "मी सांगेन, तो करेल."

इतकं धोक्याचं वाक्य त्या गावात आजवर कोणी बोललं नव्हतं.

दुमिंग गेला. मास्तर ओट्यावर आरामखुर्चीत पडले होते.

"आधी तारा बदलायच्या," मास्तर म्हणाले. "जुन्या काढ, नव्या लाव."

दुमिंगने घरी येऊन जुन्या तारा काढल्या. सगळ्या काढल्या. त्या गिटारला पुढच्या बाजूला एक लोखंडी पट्टी होती, तिच्यावर तारा टेकायच्या. पट्टी कशानेही बसवलेली नव्हती. तारांच्या ताणावरच उभी होती. तारा गेल्या, पट्टी घरंगळली, खाटेखाली गेली. दुमिंग ती शोधायला खाटेखाली शिरला. मांजर व्यालेली होती. तिने त्याला बोचकारलं.

"मास्तर, पट्टी पडली," दुमिंगने नाक दाखवत सांगितलं.

"अरे येड्या! सगळ्या एकदम कशाला काढल्यास? एक काढायची, एक लावायची. मग दुसरी काढायची, दुसरी लावायची. काही बदलायचं म्हटलं की एक काढ, एक लाव. डोक्यात ठेव."

दुमिंगने ते डोक्यात ठेवलं. तिथे जागा भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातालबाय बाजाराला निघाली. जाता जाता म्हणाली, "दुमिंग, पिंपातलं पाणी शिळं झालंय. बदलून ठेव."

बदलायचं. दुमिंगला लगेच आठवलं. त्याने पिंपातून तांब्याभर शिळं पाणी काढलं, अंगणात ओतलं. विहिरीवर गेला, तांब्याभर ताजं आणलं, पिंपात ओतलं. मग पुन्हा तांब्याभर काढलं. पुन्हा विहिरीवर गेला. विहिरीवर बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या. तांब्यासाठी रांगेत उभा राहणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

नातालबाय दुपारी परत आली तर दुमिंग घामाने निथळत होता.

"काय करतोस रे?"

"पाणी बदलतोय."

"अजून?"

"आई, जेवढं काढतो तेवढंच घालतो. एक थेंब इकडचा तिकडे नाही. पण शिळं संपतच नाही गं."

नातालबायने कपाळाला हात लावला. "अरे बाळा, आधी पिंप पूर्ण रिकामं करायचं. तळ दिसेपर्यंत. घासायचं, उलटं करून निथळायचं. मग नवं भरायचं."

"असं होय!" दुमिंग म्हणाला, आणि हेही डोक्यात ठेवलं.

तारा एकदाच्या बसल्या. मास्तर म्हणाले, "आता आतला माल. तारांखाली दोन डब्या आहेत बघ, त्यांना पिकअप म्हणतात. आवाज त्या पकडतात. तुझ्या बापाच्या गिटारमधल्या स्वस्तातल्या आहेत. त्या काढ आणि चांगल्या घाल. बटणं, वायरी, सगळं नवं घाल."

नवा माल रेजीच्या होणाऱ्या नवऱ्याने मुंबईहून आणून दिला होता. नवऱ्याचं नाव रुजार. मुलगा सरळ होता. जो आपला सासरा झाला असता त्या माणसाची गिटार लग्नात वाजावी, असं त्यालाही वाटत होतं.

दुमिंग कामाला लागला. जुनं काढून नवं भरायचं होतं. म्हणजे आधी पूर्ण रिकामं करायचं, तळ दिसेपर्यंत. त्याने स्क्रू काढले, बटणं काढली, पोटावरच्या भोकात बोटं घालून हाताला येईल ते उपसलं. वायरींचं जाळं आलं. वायर जोडायची खाच आली. मग त्याने काथ्याने आतून घासलं. मग गिटार उलटी धरून निथळली.

आतून एक छोटी त्रिकोणी पट्टी पडली. पेद्रूची तारा छेडायची पट्टी. फार पूर्वी वाजवता वाजवता भोकातून आत गेलेली. पेद्रूने तिच्यासाठी सगळं घर पालथं घातलं होतं.

नातालबायने ती उचलली, पदराला पुसली आणि मुठीत ठेवली.

दुमिंग गिटार घेऊन मास्तरांकडे गेला. "मास्तर, रिकामी केली. स्वच्छ आहे. आता भरा."

मास्तरांनी भोकातून आत पाहिलं. आत अंधार होता, पण स्वच्छ होता.

"अरे गाढवा! ही अर्धी पोकळ गिटार. हिला मागून झाकण नसतं. जे काय आत जाणार, ते या भोकातून जाणार. आता ते बटण आतून वर कसं आणणार? तुझा हात जातो का आत?"

"नाही जात."

"म्हणून आधी दोरा बांधायचा असतो! कुठलीही वस्तू आत सोडायच्या आधी तिला दोरा बांधायचा. दुसरं टोक आपल्या हातात. मग ती कितीही खोल जाऊ दे. दोरा ओढला की बाहेर येते."

दुमिंगने मासे धरायचा नायलॉनचा दोरा आणला. बटणाला बांधला, बटण पोटात सोडलं, दुसरं टोक वरच्या भोकातून बाहेर काढलं आणि ओढलं. बटणाने भोकातून डोकं वर काढलं. दुमिंगला ते इतकं आवडलं, की त्याने बटण परत आत ढकललं आणि परत ओढलं. संध्याकाळपर्यंत त्याचा हाच खेळ चालू होता. आत टाकलेलं परत येतं! जगात एवढी सोय आहे हे त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

सगळा माल बसला. खरोखर बसला. मास्तरांनाही कौतुक वाटलं, म्हणून ते तसं बोलले नाहीत.

"मास्तर, जुन्या डब्यांचं काय करू?"

"वाजतात का त्या?"

"आता नाही वाजत."

"मग? जे वाजत नाही ते घरात ठेवून काय करायचं? चुलीत घाल."

दुमिंगने चुलीत घातल्या. त्या दिवशी भाकरीला वायरीचा वास आला.

पुढच्या रविवारी रुजार घरी आला. जेवला, सासूशी बोलला, रेजीशी अंगणात उभा राहून हळू बोलला. निघताना रेजीचे डोळे भरले. "परत कधी येणार?" तिने विचारलं.

दुमिंगने ते ऐकलं. बहिणीच्या डोळ्यांत पाणी त्याला बघवत नसे. आणि उपाय तर खिशातच होता. रुजार स्कूटरवर बसेपर्यंत दुमिंगने मागून त्याच्या पट्ट्याला दोरा बांधला. गाठ कोळ्याची, सुटायची नाही अशी.

रुजारने स्कूटर सुरू केली, हात हलवला आणि निघाला. रीळ भरभर सुटायला लागलं. रुजार वळणापर्यंत पोचला तेव्हा दुमिंग म्हणाला, "रडू नको गं रेजी. आत्ता आणतो," आणि दोरा ओढला.

रुजार आला. स्कूटर पुढे गेली.

ती केळीत घुसली आणि पडली. रुजार रस्त्यावर बसला होता आणि आकाशाकडे बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मला कोणी बोलावलं का?"

मग त्याच्या गुडघ्याला हळद लागली. रेजी आधीपेक्षा जास्त रडली. दुमिंगला काहीच कळेना. "परत आला ना? मग का रडतेस?"

नातालबाय हळद लावता लावता थांबली. "दुमिंग, दोरा वस्तूला बांधतात. माणसाला नाही."

"का?"

"माणसं ओढून परत येत नाहीत, बाळा. वस्तू येतात."

दुमिंगने दोन्ही वाक्यं डोक्यात ठेवली. दुसरं ठेवताना त्याने खुंटीवरच्या गिटारकडे पाहिलं.

मग मास्तर परीक्षेला आले. बँडचे तिघेही आले, शेजारीपाजारी आले. गिटार पेटीएवढ्या अॅम्प्लिफायरला जोडली. बँडमधल्या एकाने तारेला बोट लावलं. नवा माल दमदार होता. गिटार इतक्या जोरात केकाटली, की माडावरचे कावळे उडाले आणि खाटेखालची मांजर पिल्लं घेऊन शेजारी राहायला गेली.

"बघितलंत?" मास्तर सगळ्यांकडे वळून म्हणाले. "माल भारी घातला तरी जात लपत नाही. दुमिंग, आता असं कर. पोकळीत आवाज घुमतो म्हणून ती ओरडते. आत कापूस कोंब. जिथून नको तेव्हा ओरडणं येतं, तिथे कापूस कोंबायचा. की बंद."

दुमिंगने उशी फोडली. सगळा कापूस गिटारच्या पोटात गेला. उरलेला त्याने खिशात ठेवला, लागला तर असावा म्हणून. पुन्हा तार छेडली. गिटार तोंडात घास असल्यासारखी काहीतरी पुटपुटली.

"आता बरी आहे," मास्तर म्हणाले. "गरीब आहे, पण गप्प आहे."

"पण ही आता ह्यांची वाटत नाही," नातालबाय म्हणाली. मास्तरांनी ते ऐकलं नाही. ऐकण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये रेजीच्या लग्नाचा पुकारा होता. लग्नाआधी फादर सगळ्यांसमोर दोघांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात. फादर माईकसमोर आले, कागद उघडला, "पुढील विवाहास..." म्हणाले, आणि लाउडस्पीकर केकाटला.

दुमिंग उठला. नातालबायने त्याचा सदरा धरायचा प्रयत्न केला, पण तो पुढे गेलेला होता. तो स्टुलावर चढला. खिशातला सगळा कापूस त्याने कर्ण्याच्या तोंडात कोंबला. लाउडस्पीकर गप्प झाला. फादरही गप्प झाले. म्हणजे ओठ हलत होते. पुढच्या दोन बाकांपलीकडे एकही अक्षर गेलं नाही.

"पुकारा पुन्हा करावा लागेल," मिस्साची प्रार्थना संपल्यावर फादर म्हणाले. "नावं कोणी ऐकलीच नाहीत, तर हरकत घेणार कशी?"

"हरकत घ्यायची असती तर ओरडला असता ना कोणीतरी," दुमिंग म्हणाला.

"आणि ओरडला असता तर तू त्याच्या तोंडात कापूस कोंबला असतास," फादर म्हणाले. ते गावातले एकटे असे होते ज्यांना दुमिंगचं शास्त्र थोडंफार समजत होतं. "ऐक. तो कापूस काढ. जिथे जिथे कोंबला असशील तिथून सगळा काढ. आणि यापुढे एक कर. आधी बघ, वाजतंय का. वाजत असेल तर त्याला हात लावू नकोस. समजलं?"

"समजलं, फादर."

दुमिंगने कर्ण्यातला कापूस काढला. मग घरी जाऊन गिटारमधलाही सगळा काढला. फादर म्हणाले होते, जिथे जिथे. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मास्तर मांडव बघायला आले. मांडव बघून झाला. मग घसा साफ करून म्हणाले, "नातालबाय, मी काय म्हणतो. एवढं सगळं केलं, पण स्वस्त ते स्वस्तच. दुमिंगने हात लावलेली गिटार ऐन वेळी काय करेल, देव जाणे. रेजी येईल तेव्हा मी माझी वाजवतो. बहारीनची. आजपर्यंत कोणासाठी काढली नाही. तुमचाच मान वाढेल."

रेजी दारात उभी होती. "पण मास्तर, बाबांनी सांगितलं होतं..."

"अगं पोरी, आवाज तो आवाज. डोळे मिटून ऐक, बापाचाच वाटेल."

नातालबायने मूठ घट्ट केली. पेद्रूची पट्टी त्या दिवसांत तिच्या मुठीत नाहीतर कनवटीला असायची.

"मग बाबांची गिटार?" दुमिंगने विचारलं.

"मांडवाच्या मागे ठेवून दे. कोणाला दिसणार नाही अशी."

लग्न चर्चमध्ये व्यवस्थित लागलं. संध्याकाळी मांडव माणसांनी भरला. थंडीचे दिवस होते. मास्तर कोट घालून आले. एका हातात काळी पेटी. ती त्यांनी दुमिंगकडे दिली.

"हिला गारठा सोसत नाही. कोरड्या, उबदार जागी ठेव. नवरी आली की पेटी स्टेजवर आणून दे. सगळ्यांसमोर उघडीन."

मांडवाच्या मागे सगळ्यांत उबदार जागा एकच होती. तिथे विटांची मोठी चूल पेटली होती आणि फर्मिनकाका आचारी घाम पुसत होता. दुमिंगने पेटी चुलीजवळ ठेवली. शेजारीच भिंतीला टेकून बापाची लाल गिटार होती.

थोड्या वेळाने फर्मिनकाका ओरडला, "दुमिंग! लाकूड संपलं! भात कच्चा, मटण चिवट, आणि वऱ्हाड पंगतीला बसायच्या बेतात! कुठूनही लाकूड आण!"

दुमिंगने आजूबाजूला पाहिलं. मांडवाचे खांब होते, पण त्यांवर मांडव होता. बाकं होती, पण त्यांवर माणसं होती. राहिल्या दोन गिटारी.

आज बहिणीचं लग्न होतं. आज चूक करायची नाही, असं दुमिंगने ठरवलं होतं. त्याने डोक्यात ठेवलेलं सगळं एकेक करून बाहेर काढलं.

आधी बघायचं, वाजतंय का. त्याने बापाच्या गिटारची तार छेडली. "ट्यांव," गिटार म्हणाली. वाजते. म्हणजे हिला हात लावायचा नाही. त्याने लगेच हात मागे घेतला.

मग पेटी उघडली. मखमलीवर बहारीनची गिटार झोपली होती. ताणाने मान वाकू नये म्हणून मास्तर तिच्या तारा नेहमी सैल ठेवायचे. वाजवायच्या वेळी ताणणार होते. दुमिंगने तार छेडली. तार वाळत घातलेल्या नाडीसारखी हलली. त्याने दुसरी छेडली. तिसरी छेडली. कान लावून बघितलं.

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून तो स्टेजकडे धावला. मास्तर माईकमध्ये "हॅलो, हॅलो" करत होते.

"मास्तर, जे वाजत नाही ते चुलीत घालायचं ना?"

"हो रे बाबा! किती वेळा सांगायचं तुला? हॅलो, हॅलो!"

दुमिंग परत आला. पेटी पूर्ण रिकामी केली. पुसायचं फडकं काढलं, सुट्या तारा काढल्या, पेटी उलटी करून निथळली. गिटारच्या मानेला नायलॉनचा दोरा बांधला, कोळ्याची गाठ. कारण आत जाणाऱ्या वस्तूला आधी दोरा बांधायचा असतो. मग गिटार चुलीत घातली.

एक काढलं की एक लावायचं असतं. पेटी रिकामी ठेवून चालणार नव्हतं. बापाच्या गिटारला हात लावायचा नव्हता, म्हणून त्याने ती टॉवेलात धरून उचलली आणि मखमलीवर निजवली. बरोबर बसली. घाट एकच होता.

चुलीने जोर धरला. निळ्या-हिरव्या ज्वाळा उठल्या. फर्मिनकाका खूश झाला. "काय धगधगतंय रे! कुठलं लाकूड?"

"बहारीनचं," दुमिंग म्हणाला.

तेवढ्यात फटाके वाजले. नवरी आली.

दुमिंगने पेटी स्टेजवर नेऊन ठेवली. दुसऱ्या हातात दोऱ्याचं रीळ होतं, ते त्याने सोडलं नाही. मास्तर माईकसमोर आले. "आज आपण एक अशी गिटार ऐकणार आहोत, जी या गावाने आजवर फक्त पाहिली आहे." लोकांनी माना उंचावल्या. मास्तरांनी लोकांकडे बघत बघत, न वाकता, झाकण उघडलं.

लोकांनी 'वा!' म्हटलं नाही. मास्तरांनी खाली पाहिलं. मखमलीवर लाल गिटार होती. कोपराच्या जागी रंग उडालेली.

मांडवाच्या दारात रेजी आणि रुजार उभे होते. रुजार अजून थोडा लंगडत होता. सगळा मांडव थांबला होता. नातालबाय पहिल्या रांगेतून उठली, स्टेजपाशी आली आणि मूठ उघडून तिने ती त्रिकोणी पट्टी मास्तरांसमोर धरली.

शहाण्या माणसाला चारशे लोकांसमोर जे करता येतं ते मास्तरांनी केलं. हसू चिकटवलं, गिटार गळ्यात घातली आणि वायर जोडली. स्वस्त वाद्य त्यांनी हातात धरलं ते त्या दिवशीच. पहिलाच सूर वाजला आणि गिटार लांबलचक केकाटली.

रेजी दारात थबकली. तिने स्टेजकडे पाहिलं, बँडमध्ये बाप जिथे उभा राहायचा त्या कोपऱ्याकडे. नातालबाय खुदकन हसली. दोन वर्षांत तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"हीच ती," ती म्हणाली. "गप गं."

मास्तरांनी गडबडून तारांवर तळवा ठेवला. गिटार गप्प झाली. मग नीट वाजली. रेजी मांडवात चालत आली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "बहारीनची ती बहारीनची! आवाजच सांगतो." मास्तरांनी वाकून नमस्कार केला, कारण दुसरं काय करणार? मग ते स्टेजवरून उतरले, दुमिंगला मांडवाच्या खांबाआड ओढलं आणि दात आवळून म्हणाले, "माझी गिटार कुठाय?"

"चुलीत."

मास्तरांनी एकदा तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. आवाज आला नाही. दुमिंगने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं, कारण जे वाजत नाही त्याचं काय करायचं ते त्याला माहीत होतं. पण मास्तर माणूस होते, आणि चुलीची गोष्ट बहुतेक वस्तूंनाच लागू असणार.

"चु... चुलीत?"

"तुम्हीच म्हणालात ना? हो रे बाबा, किती वेळा सांगायचं." मग मास्तरांचा चेहरा बघून त्याला दया आली. त्याने त्यांचा हात धरला, तळवा उघडला आणि त्यात नायलॉनचा दोरा ठेवला. दोरा तिथून मांडवाच्या कडेने, खुर्च्यांखालून, फर्मिनकाकाच्या पायांमधून थेट चुलीपर्यंत गेला होता.

"घाबरता कशाला, मास्तर? मी आता पूर्वीचा दुमिंग नाही. आत घालण्याआधी दोरा बांधलाय."

मास्तर दोऱ्याकडे बघत राहिले.

"ओढा ना," दुमिंग म्हणाला. "पण हळू ओढा. भारीतली आहे, बाहेर येताना कुठे ओरखडा नको जायला."